नरवानरांमधील जनुकीय विविधता आणि विषाणुसंसर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माकडताप, एचआयव्ही, पीतज्वर किंवा कोविड यांविषयी काही छापून आले की वाचकांकडून ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. मानवेतर नरवानर म्हणजे नेमके कोणते प्राणी, आणि त्यांच्यातील जनुकीय विविधता म्हणजे काय?

माणूस वगळता लेमूर, लोरिस, सर्व प्रकारची माकडे, गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि बोनोबो हे सारे या गणात येतात. आपल्या ओळखीचे काळ्या तोंडाचे वानर, दक्षिण भारतातील लाल तोंडाचे बॉनेट माकड आणि उत्तर भारतातील ऱ्हीसस माकड हेही त्यांतलेच. एकाच जनुकाची थोडी थोडी वेगळी रूपे एका जातीच्या निरनिराळ्या प्राण्यांत आढळतात, तिला जातीअंतर्गत विविधता म्हणतात. दोन जातींमध्ये तेच जनुक वेगळे असणे ही जातींमधील विविधता. संसर्गाच्या संदर्भात या दोन्ही पातळ्यांची गल्लत सर्वाधिक होते. ‘माकडांना हा रोग होतो का’ या प्रश्नाला म्हणूनच एकच उत्तर देता येत नाही. कोणती जात, त्या जातीचा कोणता समूह, त्या प्राण्याकडे जनुकाचे कोणते रूप आणि विषाणूचा कोणता प्रकार, या चारही गोष्टी ठाऊक असतील तरच उत्तराला अर्थ येतो. ऱ्हीसस माकडांमध्ये जातीअंतर्गत विविधता माणसांच्या दुपटीहून अधिक आहे, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

२. एकाच विषाणूने एक माकड दगावते आणि दुसरे धडधाकट राहते, असे का होते?

विषाणूला पेशीत शिरायचे असेल तर पेशीच्या पृष्ठभागावरील एखाद्या प्रथिनाला, म्हणजे ग्राहीला, चिकटावे लागते. त्या प्रथिनातील एक-दोन अमिनो आम्ले बदलली तरी पकड सुटू शकते (प्रश्न ८, ९ आणि ११). विषाणू आत शिरला तरी पेशीत काही प्रथिने त्याला अडवण्यासाठीच असतात. त्यांना निर्बंधक घटक म्हणतात (प्रश्न ४ आणि ५). त्यांतूनही तो निसटला, तर संसर्ग झालेल्या पेशी ओळखून मारण्याचे काम टी-पेशी करतात आणि ती ओळख एमएचसी नावाच्या जनुकसमूहावर अवलंबून असते (प्रश्न ७). चौथी गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. कधी कधी विषाणू शरीरात भरपूर वाढूनही रोग होत नाही, कारण शरीराचा प्रतिसाद आटोक्यात राहतो. संसर्ग न होणे, संसर्ग होऊन तो काबूत राहणे आणि संसर्ग असूनही रोग न होणे या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत आणि तिन्हींमागची जनुके वेगळी असू शकतात.

३. सिंधुदुर्ग आणि गोव्यातील माकडतापाने वानर आणि लाल तोंडाची माकडे दोन्ही मरतात. त्यामागे जनुके आहेत का?

माकडतापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागल्यानंतर सापडला. त्याचे संशोधन पुण्याच्या तत्कालीन व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात २०१६ मध्ये या रोगाचे मोठे उद्रेक झाले. वानर आणि बॉनेट माकड या दोन्ही जाती त्याला बळी पडतात. विषाणू गोचिडीतून पसरतो. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी त्याच जागी खाली उतरतात आणि काजूच्या बागेतला तेवढाच तुकडा पुढे काही काळ धोक्याचा बनतो.

तरीही एखाद्या कळपात पाच माकडे मेली आणि पंधरा उरली, तर उरलेल्यांची जनुके चांगली होती असा निष्कर्ष काढू नये. उरलेल्यांना गोचीड चावलीच नसेल, किंवा आधीच्या सौम्य संसर्गामुळे त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार असतील. जनुकाचे श्रेय जनुकाला द्यायचे असेल तर आधी हे दोन्ही घटक तपासून बाजूला काढावे लागतात.

४. एचआयव्ही माणसाला होतो, मग ऱ्हीसस माकडाला का होत नाही?

या प्रश्नाचे उत्तर बरेच दिवस अर्धवट होते. विषाणू माकडाच्या पेशीत शिरताना दिसत असे, पण पुढे काहीच घडत नसे. २००४ मध्ये बॉस्टनच्या डेना-फार्बर संस्थेतील जोसेफ सोड्रोस्की यांच्या प्रयोगशाळेने त्यामागचे प्रथिन शोधून काढले. त्याचे नाव ट्रिम-५ अल्फा.

एचआयव्ही पेशीत आल्यावर त्याचा जनुकीय ऐवज शंकूच्या आकाराच्या कवचात बंदिस्त असतो आणि ते कवच योग्य वेळी, योग्य वेगाने उघडावे लागते. ऱ्हीसस माकडाचे ट्रिम-५ अल्फा त्या कवचावर जाळीसारखे पसरते आणि ते अवेळी मोडून टाकते, त्यामुळे विषाणूच्या आरएनएची डीएनए प्रत पूर्ण होत नाही. माणसातही हे प्रथिन आहे, परंतु कवचाला धरणाऱ्या भागातील थोड्या फरकामुळे ते एचआयव्हीपुढे दुबळे ठरते. हा भाग नरवानरांच्या उत्क्रांतीत अतिशय वेगाने बदलत आला आहे. जुन्या काळातील अनेक विषाणूंशी झालेल्या झटापटींच्या खुणा तेथे राहिल्या आहेत.

दुसरा अडसर एपोबेक-३जी या प्रथिनाचा. ते विषाणूची डीएनए प्रत तयार होत असताना तिच्यात इतक्या चुका घालते की ती निकामी होते. एचआयव्हीचे व्हिफ हे प्रथिन माणसाच्या एपोबेक-३जीला नष्ट करते, पण आफ्रिकन हिरव्या माकडाच्या एपोबेक-३जीवर त्याचा प्रभाव पडत नाही, कारण १२८ व्या स्थानावरील अमिनो आम्ल वेगळे आहे. एका स्थानावरच्या फरकाने दोन जातींमध्ये एवढी मोठी सीमा आखली जावी, हे मला या विषयातील सर्वांत लक्षणीय उदाहरण वाटते.

५. ट्रिमसिप म्हणजे काय? ते असेल तर माकड सुरक्षित, असे म्हणता येईल का?

दक्षिण अमेरिकेतील एओटस या निशाचर माकडांच्या पूर्वजांत सायक्लोफिलिन-ए या वेगळ्याच जनुकाची प्रत उडी मारून ट्रिम-५ जनुकात जाऊन बसली. त्यातून जे जोडप्रथिन तयार झाले त्याला ट्रिमसिप म्हणतात. एचआयव्हीच्या कवचाला सायक्लोफिलिन आपसूक चिकटते, म्हणून एओटसचे ट्रिमसिप एचआयव्हीला नेमके पकडते. विशेष म्हणजे आशियातील मकाक माकडांत (ऱ्हीसस आणि बॉनेट माकडे याच गटातली) अशीच घटना पूर्णतः स्वतंत्रपणे घडली, आणि तिची जनुकीय रचना वेगळी आहे.

येथेच अपवाद सुरू होतो. पिग-टेल्ड मकाक माकडांमध्ये ट्रिमसिप आहे, पण ते एचआयव्ही-१ ला (एचआयव्हीच्या मुख्य प्रकाराला) अडवत नाही. आणि ट्रिमसिपच्या या घडणीत नेहमीचे ट्रिम-५ अल्फा त्यांनी गमावले आहे. त्यामुळे ऱ्हीसस माकडाला न होणारा एचआयव्ही-१ चा संसर्ग पिग-टेल्ड मकाकाला काही काळ तरी होऊ शकतो. तेव्हा ट्रिमसिप आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ते कोणत्या जातीतले आणि कोणत्या विषाणूविरुद्ध, हे विचारावे लागते.

६. शोधनिबंधांत ‘भारतीय वंशाची’ आणि ‘चिनी वंशाची’ ऱ्हीसस माकडे असा भेद का करतात? माकड ते माकडच ना?

जात एकच आहे, पण दोन्ही समूह दीड लाखाहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत, असा अंदाज २००७ मध्ये ऱ्हीससच्या जनुकसंचाचे वाचन झाले त्या सुमारास मांडला गेला. विसाव्या शतकाच्या मध्यावर पोलिओ लस आणि इतर संशोधनासाठी भारतातून ऱ्हीसस माकडांची प्रचंड प्रमाणावर निर्यात होत असे. भारत सरकारने १९७८ मध्ये ती बंद केली. अमेरिकेतील प्रयोगशाळांत आज असलेली भारतीय वंशाची माकडे ही त्या जुन्या निर्यातीची संतती होय. नंतर गरज भागवण्यासाठी चीनमधून माकडे आणली गेली आणि जुन्या व नव्या प्रयोगांचे आकडे जुळेनात. एसआयव्हीचा, म्हणजे माकडांतील एचआयव्हीसदृश विषाणूचा, मकाकांतील प्रकार भारतीय वंशाच्या माकडांत सरासरीने अधिक वाढतो आणि रोग लवकर होतो. चिनी वंशाच्या माकडांत विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, तुलनेने कमी राहतो.

एमएचसीची कोणती रूपे किती प्रमाणात आढळतात, यातही दोन्ही समूह वेगळे आहेत. प्रश्न ७ मधील मामू-ए-०१ सारखी रूपे मुख्यतः भारतीय वंशाच्या माकडांत अभ्यासली गेली आहेत. म्हणून केवळ ‘ऱ्हीसस माकडे’ असे लिहून वंश न सांगणारा निबंध माझ्या मते अपुरा आहे.

७. मामू-ए-०१, मामू-बी-०८, मामू-बी-१७ ही नावे सतत दिसतात. ती काय आहेत?

ही ऱ्हीसस माकडाच्या एमएचसी जनुकांची रूपे आहेत. ‘मामू’ हे मकाका मुलाटा या शास्त्रीय नावावरून घेतलेले आहे. पेशीत विषाणू वाढत असेल तर त्याच्या प्रथिनांचे छोटे तुकडे एमएचसी रेणू पेशीच्या पृष्ठभागावर आणून ठेवतात आणि टी-पेशी ते पाहून त्या पेशीला ठार करतात. कोणता तुकडा पृष्ठभागावर येईल हे रेणूच्या खाचेवर अवलंबून असते. ज्या तुकड्यात बदल केल्यास विषाणूचेच नुकसान होते, असा तुकडा पुढे आणणारा रेणू ज्याच्याकडे असेल, ते माकड भाग्यवान.

मामू-बी-०८ असलेल्या माकडांपैकी जवळजवळ निम्मी एसआयव्हीचा आक्रमक प्रकार औषधांशिवाय काबूत ठेवू शकली आहेत. मामू-बी-१७ चा परिणाम त्याहून कमी, तर मामू-ए-०१ मुळे विषाणूभार घटतो. माणसांमध्ये एचएलए-बी-२७ (माणसाच्या एमएचसीचे एक रूप) असलेल्या काही व्यक्ती एचआयव्ही दीर्घकाळ रोखतात. मामू-बी-०८ ज्या प्रकारचे तुकडे उचलते ते एचएलए-बी-२७ च्या तुकड्यांशी बरेच मिळतेजुळते आहेत. मात्र ‘जवळजवळ निम्मी’ याचा दुसरा अर्थ असा की उरलेल्या निम्म्यांना ते रूप असूनही विषाणू आवरता आला नाही.

८. आफ्रिकेतील मँगबी माकडांच्या अंगात एसआयव्ही असूनही ती आजारी का पडत नाहीत?

पश्चिम आफ्रिकेतील सूटी मँगबी ही एसआयव्हीच्या एका प्रकाराची नैसर्गिक यजमान आहे आणि माणसातील एचआयव्ही-२ त्याच प्रकारातून आला. तिच्या रक्तात विषाणूचे प्रमाण बरेच असते, म्हणजे संसर्ग रोखला गेलेला नाही. संसर्गाच्या सुरुवातीची दाहक प्रतिक्रिया लवकर शमते, आतड्याचे अस्तर शाबूत राहते आणि विषाणूचे लक्ष्य असलेल्या सीडी-४ या टी-पेशींवर सीसीआर-५ हा सहग्राही (शिरताना लागणारा दुसरा ग्राही) कमी असल्यामुळे महत्त्वाच्या पेशी बचावतात. २०१८ मध्ये तिच्या जनुकसंचाचे वाचन झाले तेव्हा टीएलआर-४ या जनुकाच्या टोकाकडील बदल लक्षात आला. त्यामुळे जिवाणूंच्या घटकांना दिला जाणारा प्रतिसाद सौम्य होतो.

लाल टोपीच्या मँगबीची कथा वेगळी आहे. तिच्या सीसीआर-५ जनुकातून डीएनएची २४ अक्षरे गळालेली असतात आणि बहुतांश प्राण्यांत हेच रूप आढळते, त्यामुळे हा सहग्राही पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचतच नाही. एवढे झाल्यावर विषाणू संपायला हवा होता. प्रत्यक्षात तिच्यातील एसआयव्हीने सीसीआर-२बी हा दुसरा दरवाजा वापरायला सुरुवात केली. कोणतेही संरक्षक रूप समूहात सर्वत्र पसरले की तेच विषाणूवर बदलण्याचा दाब आणते, हे या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

९. चिंपांझींनाही एसआयव्हीचा त्रास होत नाही, असे वाचले होते. ते खरे आहे का?

नाही. हा समज प्रयोगशाळेतील अनुभवातून आला. शंभराहून अधिक चिंपांझींना एचआयव्ही-१ चा संसर्ग करण्यात आला होता आणि त्यांपैकी फारच थोड्यांना एड्ससदृश आजार झाला. परंतु टांझानियातील गोम्बे राष्ट्रीय उद्यानातील रानटी चिंपांझींचा दीर्घकाळ अभ्यास झाल्यावर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्यांचा स्वतःचा एसआयव्ही झालेल्या प्राण्यांचा मृत्यूचा धोका त्याच वयाच्या निरोगी प्राण्यांपेक्षा दहा ते सोळा पट होता. चिंपांझींना हा विषाणू माकडांची शिकार करताना मिळाला. लाल टोपीच्या मँगबीचा विषाणू आणि दुसऱ्या एका माकडगटाचा विषाणू यांच्या संकरातून तो बनला. म्हणजे हे नाते मँगबीच्या मानाने अलीकडचे आहे.

चिंपांझींमध्येही विविधता आहे. त्यांच्या सीडी-४ ग्राहीची अनेक रूपे असून काहींवर साखरेच्या रेणूंच्या अतिरिक्त साखळ्या असतात. विषाणू जेथे चिकटतो तेथेच त्या आड येतात आणि पेशीत शिरणे कठीण होते. हे काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

१०. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराने हाउलर माकडे पटापट मरतात, आफ्रिकेतील माकडे का मरत नाहीत?

पीतज्वराचा विषाणू मूळचा आफ्रिकेतला. तेथील बहुतेक माकडांना त्याचा संसर्ग होतो, पण फारसा त्रास होत नाही. गुलामांच्या व्यापारातील जहाजांबरोबर तो अमेरिकेत पोहोचला, म्हणजे तेथील माकडांशी त्याचा संबंध काही शतकांचाच आहे. हाउलर माकडे अतिशय लवकर दगावतात. जंगलातला त्यांचा ओळखीचा आवाज थांबणे हीच आरोग्ययंत्रणेला मिळणारी पहिली सूचना ठरते. त्याच जंगलातील कपुचिन माकडे मात्र तुलनेने तग धरतात, म्हणून केवळ भूखंडावरून अनुमान करता येत नाही. ब्राझीलमधील २०१६ ते २०१८ च्या उद्रेकात सोनेरी सिंह टॅमरिन या दुर्मीळ जातीची संख्या सुमारे एक-तृतीयांशाने घटली आणि त्यानंतर रानातील टॅमरिनांना लस देण्याचे काम हाती घेण्यात आले.

११. कोविडचा विषाणू आपल्याकडच्या माकडांना होऊ शकतो का?

या विषाणूचा ग्राही एसीई-२. विषाणू ज्या बारा महत्त्वाच्या स्थानांवर चिकटतो ती सर्व आफ्रिका-आशियातील माकडे आणि कपी (गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो) यांच्यात माणसासारखीच आहेत, म्हणजे ऱ्हीसस आणि वानर दोन्ही त्यात आले. अमेरिकेतील माकडांत ४१ आणि ४२ यांसारख्या स्थानांवर फरक असल्यामुळे पकड ढिली पडते. जानेवारी २०२१ मध्ये सॅन दिएगो येथील प्राणिसंग्रहालयातील गोरिलांना संसर्ग झाला होता. पण दार उघडे असणे म्हणजे आजार गंभीर होणे नव्हे. ऱ्हीसस माकडांत तो बहुधा सौम्य राहिला.

१२. एका विषाणूपासून वाचवणारे जनुक सर्व विषाणूंपासून वाचवते का?

नाही, आणि याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण ट्रिम-५ चेच आहे. ऱ्हीसस माकडांत या जनुकाचे एक रूप असे की प्रथिनाच्या ३३९ व्या स्थानापासून थ्रिओनिन, फेनिलअलानिन आणि प्रोलिन ही तीन अमिनो आम्ले येतात. दुसऱ्या रूपात त्या जागी एकटे ग्लुटामिन असते. पहिले रूप एसआयव्हीच्या ई-६६० या प्रकाराला चांगले अडवते, दुसरे अडवत नाही. मात्र एसआयव्हीचा मॅक-२३९ हा प्रकार दोन्ही रूपांना दाद देत नाही, कारण मकाकांत वाढता वाढता त्याचे कवच त्यांना चुकवण्याइतके बदलले आहे.

१३. लसीचे प्रयोग वाचताना या माहितीचा काय उपयोग?

फार मोठा. लस दिलेल्या गटात योगायोगाने संरक्षक ट्रिम-५ किंवा मामू-बी-०८ असलेली माकडे अधिक आली, तर लस निरुपयोगी असतानाही तो गट चांगला दिसेल. अशा प्रयोगात गटात अनेकदा सात-आठच प्राणी असतात, तेथे दोन प्राण्यांचा फरकही निष्कर्ष पालटू शकतो. ई-६६० वापरलेल्या एका लसप्रयोगात २०११ मध्ये ट्रिम-५ च्या रूपांचा संसर्गावरील परिणाम स्वतंत्रपणे मोजून दाखवला गेला. निबंध हाती घेतल्यावर प्राण्यांचा वंश, ट्रिम-५ ची रूपे, एमएचसीची रूपे आणि गटांतील त्यांची वाटणी दिली आहे का, हे आधी पाहावे. ती दिलेली नसेल तर यशाच्या टक्केवारीवर विसंबू नये.

१४. विविधता कमी असलेला समूह रोगाला बळी पडणारच, असे समजावे का?

धोका वाढतो हे खरे. कॉटन-टॉप टॅमरिन या दक्षिण अमेरिकन माकडांत एमएचसीच्या पहिल्या वर्गातील विविधता फार कमी आहे आणि अनेक विषाणूंनी त्यांना गंभीर आजार होतो. दुसरीकडे मॉरिशस बेटावरील लांब शेपटीचे मकाक काही शतकांपूर्वी तेथे नेलेल्या मोजक्या प्राण्यांपासून वाढले. त्यांच्यात एमएचसीचे मुख्यतः सातच संच आढळतात, तरीही ती बेटावर मुबलक आहेत. कमी विविधतेची किंमत अनुरूप विषाणू आल्यावरच मोजावी लागते. मॉरिशसची माकडे संशोधनात मौल्यवान ठरली ती याच कारणाने, कारण जुळ्या भावंडांइतके नसले तरी बरेच सारखे प्राणी तेथे मिळतात.

१५. एखाद्या समूहात विषाणू सापडलाच नाही, तर तो समूह प्रतिकारक्षम मानावा का?

मानू नये. कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स बेटावरील हिरव्या माकडांत एसआयव्ही आढळत नाही. त्यांचे पूर्वज सतराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेतून नेले गेले आणि मूळ थोड्या प्राण्यांबरोबर विषाणू आला नसावा, कारण प्रयोगात या माकडांना संसर्ग होतो.

१६. माकडाला निरुपद्रवी असलेला विषाणू माणसालाही निरुपद्रवीच असतो का?

हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. मकाक माकडांत हर्पिस-बी विषाणू बहुधा तोंडातील किरकोळ फोडांपलीकडे काही करत नाही. माणसात तो मेंदूपर्यंत पोहोचून मृत्यूला कारण ठरतो. हेच जाती-जातींतही घडते. पाटास माकडे सिमियन हेमोरॅजिक फीव्हरचा विषाणू निमूटपणे बाळगतात, पण तो मकाकांत गेल्यावर १९६४ मध्ये सोव्हिएत संघातील सुखुमी आणि अमेरिकेतील बेथेस्डा येथील मकाक मोठ्या संख्येने मेले.

म्हणून देवळाच्या आवारात किंवा घाटात माकड चावले अथवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीविषयीही विचारावे. जंगलात किंवा बागेत मेलेले माकड दिसल्यास त्याला हात लावू नये, त्याच्या आसपासच्या पाचोळ्यात बसू नये आणि वनखात्याला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावे.